एक पॉइंट सहा

इंजिन बंद असतानाही काटा शून्यावर टेकत नव्हता. शून्याची रेघ आणि तिच्या वरची बारीक रेघ, या दोहोंच्या साधारण मध्यावर तो थांबला होता. तो तसा थांबलेला हर्षालीला दिसत होता, त्याचा आज सातवा दिवस. हवेचा दाब दाखवणारी ती तबकडी स्वस्तातली, निळ्या उजेडाची, डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी डबल टेपने चिकटवलेली. असं मापक लॅबमध्ये आलं असतं तर तिने त्याला लाल दोरा बांधला असता आणि 'शून्यदोष' अशी नोंद करून ते कपाटात टाकलं असतं. इथे तिने फक्त मनात आकडेमोड केली. दोन रेघांमध्ये दशांश एक, त्याच्या निम्मा म्हणजे शून्य पॉइंट शून्य पाच. म्हणजे चढावर हा काटा एक पॉइंट सहा दाखवतो तेव्हा टर्बो इंजिनात खरोखर एक पॉइंट पंचावन्नच हवा दाबत असणार. थोडी कमीच. हा विचार पुरा होता होता तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच इतकी शरम वाटली की तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर किन्हवलीचा नाका होता. पंढरीची जीप मुरबाडकडे तोंड करून भरायची वाट बघत उभी होती. पौषातली सकाळ, आठ वाजून गेले तरी हवेत गारवा होता. पुढची खिडकीची सीट हर्षालीची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे दुसरं कोणी बसलंच तर पंढरी नुसता बघायचा, आणि तो माणूस आपणहून मागे जायचा. गॅरेजवाल्या जगदीशदादाची बायको, शिवाय मुरबाडच्या सळयांच्या कारखान्यात लॅब सांभाळणारी. पंढरीच्या हिशेबी ती अर्धी घरची आणि अर्धी साहेब होती. तिच्या आणि पंढरीच्या मध्ये आज कमळ येऊन बसली. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरची, तिशीतली, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. ती सावळीची सून हे हर्षालीला माहीत होतं. म्हणूनच कमळ चढताना तिने सरकून जास्तच जागा दिली.

"आज चौदाच घेतो, वयनी," पंढरी म्हणाला. "तुमाला टाइमावर सोडतो."

"आन मी पंधरावा काय फाळक्यावर बसू?" मागून एक म्हातारा ओरडला.

"बारकूबाबा, तुमी सीटमंदी धरतच नाय. हाडकांचं तिकीट नसतं."

जीप हसली. पंढरीने किल्ली फिरवली, काटा थरथरला आणि त्या अर्ध्या रेघेवरून वर निघाला.

अशी तबकडी बसवलेल्या अकरा जीपा होत्या. त्यांचे नंबर हर्षालीला पाठ होते. तिने मुद्दाम पाठ केले नव्हते, पण रस्त्यात समोरून एखादी आली की नजर आधी नंबरावर जायची आणि आत काहीतरी एक-एक करून मोजू लागायचं. दोन महिन्यांपासून ते दहापर्यंतच मोजत होतं. अकरावी नवसूची. डोळखांबच्या चढावर तिच्या इंजिनातला एक दांडा तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. तापलेलं तेल उडालं, धूर झाला, मागचे लोक धडाधड उड्या मारून उतरले. सावळी सगळ्यात शेवटी उतरायला गेली. पाठीवर करटुल्यांचं आणि कंदांचं ओझं घेऊन तीस वर्षं डोंगर उतरलेली बाई, गुळगुळीत डांबरावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

"मॅडम," कमळ म्हणाली, "म्हातारीनं सांगाय सांगितलंय, उशी लय मऊ हाय म्हून. डोकं ठेवला की झोप लागती म्हने."

"बऱ्या आहेत का आता?"

"तोंडानं बऱ्या हायेत." कमळ हसली. "पयले पाडाभर फिरून शिव्या द्यायच्या, आता बसल्या जागून देतात. आवाज वाढलाय तेवढा. मुरबाडास्नं त्या चार पायांची काठी आणाया चाललेय. त्या म्हनतात, मी काय गाय हाय का चार पायांवर चालाया."

पंढरी खो खो हसला. हर्षालीनेही हसल्यासारखं केलं. उशी तिने पाठवली होती. अपघातानंतर नवव्या दिवशी शहापूरला जाऊन, चार दुकानं फिरून, हाताने दाबून दाबून तिने ती निवडली होती. किती दाबलं की किती बसते आणि हात काढला की किती परत येते, हे ती दुकानात उभी राहून बघत होती. दुकानदार शेवटी म्हणाला होता, "ताई, उशीच हाय ती."

तिला सावळीच्या घरी जायचं होतं. ती गेली नव्हती.

किन्हवली मागे पडली. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, मध्येच ओलीवर वालाची हिरवी पट्टी. रस्ता पहिल्या उताराला लागला तसा काटा पुन्हा खाली आला. चढ, उतार, काटा वर, काटा खाली. सव्वा वर्षापूर्वी हे काहीच नव्हतं. टर्बो कंपनीने दिला तसा होता, एक बार दाबाच्या आतबाहेर हवा भरणारा, आणि भरलेल्या जीपा डोळखांबच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये रडत रडत चढायच्या. मग जगदीशला कळलं की टर्बोच्या बाजूची छोटी सळई चार आटे आवळली की जादा हवा बाहेर सुटत नाही, इंजिनात जाते. थोडं डिझेल वाढवायचं, की तीच जीप दुसऱ्या गिअरमध्ये सुसाट जाते. पहिली गाडी त्याने अंदाजाने आवळली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा दहावी पास झालेल्या मुलासारखा होता. त्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या त्याने तिला विचारलं होतं, "कंपनीचं इंजिन हाय तसंच ठेवलं, आत काय बदललं नाय, तर किती प्रेशर सोशील गो? तू काढशील?"

या प्रश्नापाशी हर्षाली नेहमी थांबायची. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. कल्याणच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली सून म्हणून पहिल्या वर्षी तिला लग्नकार्यांतून दाखवून आणलं होतं. त्यानंतर त्या घरात तिला विचारलं गेलं ते भात किती शिजलाय, गॅस कधी संपेल, धाकट्या नणंदेच्या फॉर्मवर सही कुठे करायची. बारा वर्षांत तिच्या विषयातला, उत्तर खरंच हवं असलेला, असा हा पहिला प्रश्न होता. तो विचारताना जगदीशने घास हातातच धरून ठेवला होता. तिला आठवतं, तिच्या छातीत काहीतरी हललं होतं. तिला वाटलं होतं की हे प्रेम असणार. आता ती त्याला भूक म्हणायची. उपाशी माणूस ताटातलं निवडून खात नाही. तिनेही निवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो टॉवेलात गुंडाळून एक दांडा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आला. इंजिनातला, पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणारा, वीतभर लांब. नवाकोरा, खोक्यातून काढलेला. पाळी सुटली होती, लॅबमध्ये ती एकटीच. तिच्याकडे सळया ओढून तोडायचं मोठं यंत्र होतं. रोज सहा सळया ती त्यावर तोडायची, अकरा वर्षं. तिने दांडा वरच्या जबड्यात धरला, खालच्या जबड्यात धरला, आणि ओढला. आकडे चढत गेले, दांडा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त टिकला, मग बंदुकीसारखा आवाज झाला. तिने आलेखाच्या कागदावर गणित मांडलं, सुरक्षेसाठी दोनाने भागलं, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: १.६ बार. खाली चार ओळी लिहिल्या. एकाच नमुन्यावर काढलेलं आहे. नवा भाग आहे, वापरलेल्याला लागू नाही. थोड्या वेळापुरतं, सलग नाही. भार गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच.

त्या चार ओळी कोणी वाचल्या नाहीत. तिने स्वतःशी पुष्कळ वेळा सांगितलेली गोष्ट इथपर्यंतच होती, आणि इथपर्यंतची गोष्ट तिच्या सोयीची होती. जगदीशने तो कागद फ्रेम करायला दिला. दुकानात तयार फ्रेम लहान निघाली, म्हणून त्याने खालचा भाग कापून टाकला. "आकडा तर वर हाय ना," तो म्हणाला. गॅरेजच्या भिंतीवर, देवाच्या फोटोच्या उजव्या हाताला, काचेमागे तिच्याच अक्षरात एक पॉइंट सहा. ड्रायव्हर येऊन बघून जायचे. "वयनीनं लॅबमंदी तोडून काढलाय," जगदीश सांगायचा. दसऱ्याला गॅरेजमध्ये पाने, जॅक, हातोडे ओळीने मांडून पूजा झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हर्षाली, त्या कागदाला बी लाव गो. लक्ष्मी हाय ती." तिने करंगळीशेजारच्या बोटाने काचेवर हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोचलं. कुंकू नेमकं पॉइंटवर बसलं होतं. सगळे हसले, तीही हसली. आणि तेव्हा तिला ठाऊक होतं.

जगदीशने कापलेल्या ओळींबद्दल ती रागावू शकत होती. पण कापलेल्या ओळीही बरोबर नव्हत्या. आकडा जगदीशला देऊन झाल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी तांदूळ निवडता निवडता, तिच्या लक्षात आलं होतं. टर्बोने हवा वाढवली की इंजिनात स्फोट मोठा होतो, आणि स्फोट दांड्याला ओढत नाही. दाबतो. वरून दाबतो. जादा दाबलेला दांडा तुटत नाही, आधी केसाएवढा वाकतो, मग त्या वाकलेल्या जागी दर खेपेला थोडा थोडा फाटत जातो. मिनिटाला चोवीसशे फेऱ्या, दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे प्रत्येक दांड्यावर सेकंदाला वीस घाव, तासाला बहात्तर हजार. तिने एकदा ओढून पाहिलं होतं. चुकीच्या दिशेने, एकदा. त्याच यंत्राच्या खालच्या भागात दाबूनही पाहता आलं असतं. त्यासाठी जबडे काढून प्लेटा बसवाव्या लागतात, वीस मिनिटं जातात, आणि बाहेर जगदीश मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. हॉर्नही वाजवला होता त्याने, दोनदा.

तांदळातला एक खडा बोटात धरून ती तशीच बसून राहिली होती. ही चूक पकडू शकेल असं माणूस किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत एकच होतं, आणि ते सूप घेऊन बसलं होतं. त्या दिवशी बोलली असती तर एकच गाडी होती. मग तीन झाल्या, मग सहा. प्रत्येक गाडीबरोबर बोलणं अवघड होत गेलं, आणि प्रत्येक गाडी धडधाकट चालत राहिली, तशी तिला वाटू लागलं की कदाचित आकडा चुकीच्या वाटेने का होईना, बरोबर आला असेल. लॅबमध्ये पोरींना ती हेच सांगायची, उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर होत नाही. सांगताना तिचा आवाज चांगला खणखणीत लागायचा.

"नवसू बी येडाच," पंढरी म्हणत होता. "सोळा सीट कोंबतो, तेल बदलीत नाय, आन मंग गाडी मोडली म्हून रडतो. प्रेशर वयनीनं दिलंय ते बरोबरच हाय. वापरनाऱ्याला अक्कल नको?"

"आमच्या घरी आला व्हता त्यो," कमळ म्हणाली. "सासूच्या पाया पडला. म्हातारी म्हनली, ऊठ रे भाड्या, तू काय मुद्दाम पाडलास? तरी उठंना. पोरासारका रडत व्हता."

गॅरेजमध्येही तो आला होता. काचेच्या बाटलीत रानातला मध घेऊन, चपला बाहेर काढून. हर्षाली आत चहा टाकत होती. "दादा, माझीच चुकी झाली," नवसू म्हणत होता. "सोळाव्या सीटला नाय म्हनाया पायजे व्हतं. तुमचं नाव खराब झालं माझ्यामुळं." आणि जगदीश, जो वाईट माणूस नव्हता, ज्याने हॉस्पिटलात रात्र काढली होती, तो मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ दे रे. होतं. पुढं ध्यान ठेव." त्याने माफ केलं. तिने कप भरले, एक नवसूच्या हातात दिला. "साखर बरोबर आहे?" तिने विचारलं. तेवढंच विचारलं. नवसू गेल्यावर तिने त्याच्या इंजिनातून काढलेला तुटका दांडा रॉकेलने पुसून भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा होत्या, एकात एक, बारीक बारीक, महिन्यांमागून महिने सरकत आलेल्या. त्या जिथून सुरू झाल्या होत्या ती बाजू वाकलेली होती. इतकं स्वच्छ अक्षर तिने क्वचित वाचलं असेल. "काय दिसतं?" जगदीशने विचारलं. "तुटलाय," ती म्हणाली. "त्यो तर मला बी दिसतो," असं म्हणून तो हसला होता. ती मधाची बाटली अजून स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. सासूबाई दोनदा म्हणाल्या, उघड ती. तिने झाकण घट्ट बसलंय म्हणून सांगितलं.

सरळगावच्या अलीकडे रस्त्यावर गुरांचा कळप आला. पंढरीने गाडी हळू केली. शिंगं रंगवलेले बैल, पाठीवर झुली, मागे काठ्या घेतलेली माणसं.

"म्हशाला चालली," बारकूबाबा मागून म्हणाला. "लवकर निघाली औंदा."

"उद्यापासून जत्रा," पंढरी म्हणाला. "आता पंधरा दिवस बघा वयनी, जीपमंदी जागा नाय, टपावर बी सीट. म्हून तर आज दुपारी दादा सगळ्यांच्या गाड्या एक आठवर नेनार हायेत. माझा पयला लंबर."

हर्षालीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण तिने नीटच ऐकलं होतं.

"एक पॉइंट आठ?"

"व्हय."

"कोण म्हणालं चालेल म्हणून?"

पंढरीने तिच्याकडे पाहिलं, मग कमळकडे, थट्टा चाललीय की काय असं. "कोन म्हंजे? दादांनी सांगितलं, वयनीला इचारलं, वयनी होय म्हनाली."

काल जेवताना जगदीशने विचारलं होतं खरं. "म्हशाच्या जत्रेपुरतं एक आठ चालंल ना गो?" ती आमटी वाढत होती. ती काहीच बोलली नव्हती. वाटी भरून झाल्यावर पळी पातेल्यात ठेवली होती. आता तिला दिसलं की या घरात तेरा वर्षांत तिचा होकार कधी कोणी ऐकलाच नव्हता. ती गप्प बसली की तो झाला असं धरायचं, अशी रीत पडली होती. आणि ही रीत काही एकट्या जगदीशने पाडली नव्हती. गप्प बसण्यात तिचीही सोय होती. तिला शांत बाई म्हणायचे. मोजून बोलणारी. सासूबाई पाहुण्यांना अभिमानाने सांगायच्या, आमच्या हर्षालीचा आवाज भिंतीला कळत नाही. त्या भिंतीवर तिचं अक्षर काचेत बसवलेलं होतं आणि अकरा गाड्या त्यावर चालत होत्या.

तिने पुढचं सगळं एकदा रांगेत बघून घेतलं, जसं प्रयोगाआधी बघतात. बोललं तर कारखान्यात कळेल, खाजगी कामाला यंत्र वापरलं म्हणून. नोकरी जाईल. गॅरेज बसेल, निदान काही वर्षं तरी. जगदीश तिला मारणार नाही, ओरडणारही नाही. तो तिच्याकडे त्या एका दिवशी बघितलं तसं पुन्हा कधी बघणार नाही, घास हातात धरून. सव्वा वर्ष ती यालाच भीत होती, हे तिला आता दिसलं, आणि ते फार क्षुल्लक होतं. सावळीचं हाड आणि जगदीशची एक नजर. तिने दोन्ही एका तराजूत घातलं होतं, आणि दोन महिने काटा नजरेच्या बाजूला झुकू दिला होता.

शेवटचा बैल गेला. पंढरीने गिअर टाकला. गाडीत चौदा माणसं आणि बारकूबाबा होते, कोणीतरी मोबाइलवर भजन लावलं होतं, एक लहान मूल खोकत होतं.

"पंढरी, गाडी बाजूला घे."

"काय विसरला काय, वयनी?"

"बाजूला घे. आणि बंद कर."

तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता, पण पंढरीने ब्रेक मारला. जीप चिंचेखाली उभी राहिली. मागचं भजन कोणीतरी बंद केलं.

"मी काल होय म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "मी गप्प बसले. आणि भिंतीवर आहे तो आकडाही चुकीचा आहे. तो काढतानाच माझी चूक झाली. इंजिनातला दांडा दाबून बघायचा असतो, मी ओढून बघितला. तुमच्या या गाडीतले दांडे आतून वाकले असतील, आज तुटतील की महिन्याने, ते मलाही सांगता येणार नाही."

पंढरी हसायच्या बेतात होता. तो हसला नाही. त्याने नकळत पाय पेडलवरून उचलून घेतला.

"पर दादा तर..."

"दादांना माहीत नाही. मला माहीत होतं. सव्वा वर्ष."

बारकूबाबा मागून विचारत होता, काय झालं, का थांबली. मग कमळ हळूच वळली. तिचा चेहरा हर्षालीच्या इतक्या जवळ आला की तिला कमळच्या कपाळावरचं गोंदण स्पष्ट दिसलं.

"मंग मॅडम," कमळ म्हणाली, "नवसू कशापायी पाया पडला आमच्या म्हातारीच्या?"

"त्याला कोणी खरं सांगितलं नाही म्हणून," हर्षाली म्हणाली. "आज मी कामावर जात नाही. दहाच्या दहा गाड्या उभ्या करायला लावणार आहे. जगदीशने नाही म्हटलं तर नाक्यावर उभी राहून प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक माणसाला हेच सांगणार आहे. आणि मग तुझ्याबरोबर पाड्यावर येते, कमळ. तुझ्या सासूला मी पाडलंय, नवसूने नाही."